सिस्टरचे टाके

हातात सुई असली की माणसं जास्त बोलतात, असा माझा अनुभव आहे. कारण अगदी साधं आहे. नजर कापडावर असते, समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि दुपार काही लवकर सरत नाही. मग कुणी गुडघ्याबद्दल सांगतं, कुणी सुनेबद्दल, कुणी माहेरच्या विहिरीबद्दल. आमच्या बिल्डिंगमध्ये दर शनिवारी गोधडी शिवायला बसणाऱ्या मंडळींचे असे किस्से माझ्याकडे इतके साठलेत की परवा बायको म्हणाली, "गोधडी एकच झाली तुमची. बाकी नुसत्या गोष्टी." तिचं म्हणणं खोटं नाही. म्हणून म्हटलं, त्यातल्या थोड्या तुम्हालाही सांगाव्यात.

*

आमची बिल्डिंग हिमायतनगरच्या एका गल्लीत आहे. मी विमा कंपनीतून रिटायर झालो आणि लगेचच जिन्यात पाय घसरून उजवं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघालं, पण बोटं काही वळेनात. फिजिओथेरपिस्टनं एक पिवळा रबरी चेंडू दिला आणि दिवसभर दाबत राहा म्हणाली. मी तो लिफ्टमध्येसुद्धा दाबत असे.

आमच्या वरच्या मजल्यावर सुमनताई राहतात. सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात. मूळच्या परभणीकडच्या, पण सगळी नोकरी हैदराबादेत झाली. अख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणते. त्यांचा मुलगासुद्धा वैतागला की "ओ सिस्टर" म्हणतो.

एकदा लिफ्टमध्ये त्यांनी माझा चेंडू पाहिला.

"काय खेळताय दादा?"

"खेळत नाही हो. बोटं वळत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि एकेक बोट वाकवून पाहिलं. मी आई गं म्हणालो. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. "शनिवारी दुपारी वर या," त्या म्हणाल्या. "चष्मा घेऊन या. चेंडू घरीच राहू द्या."

मला वाटलं, मसाज वगैरे करतील. गेलो तर हॉलमध्ये चटईवर भलंमोठं कापड पसरलेलं, भोवती तीन बायका बसलेल्या, आणि सगळ्यांच्या माना खाली. सिस्टरनी माझ्या हातात सुई दिली, दोरा दिला आणि म्हणाल्या, "ओवा."

संध्याकाळी घरी आलो. बायकोनं विचारलं, "काय केलंत इतका वेळ?"

"सुईत दोरा ओवला."

"आणि?"

"निसटला."

*

सिस्टरची शिकवण्याची पद्धत हॉस्पिटलातली आहे. आधी पेशंट नीट झोपवायचा, मग हात लावायचा. म्हणजे आधी खाली अस्तराला जुनी चादर ताणून घालायची. त्यावर जुन्या सुती साड्यांचे थर घालायचे, याला त्या गोधडीचं पोट म्हणतात. सगळ्यात वर चिंध्या येतात. प्रत्येक चिंधीची कड आत दुमडून ती शेजारच्या चिंधीवर थोडी चढवायची. लांब लांब कच्चे टाके घालून हे सगळं जागच्या जागी धरायचं, आणि मग कडेनं सुरुवात करून गोल गोल फिरत मध्यापर्यंत बारीक धावदोरा घालत यायचं.

मी विमा कंपनीचा माणूस. मला वाटलं, मधून सुरुवात केली तर दोन्हीकडे सारखं पडेल. कुणाला न विचारता मी मधूनच सुरुवात केली. थोड्या वेळानं माझ्या कापडाच्या एका कोपऱ्यात चांगला मुठीएवढा फुगा आला. मी तो तळहातानं दाबला. तो दुसऱ्या कोपऱ्यात निघाला.

सिस्टर उठून आल्या. चष्मा वर केला. फुग्यावर दोन बोटं ठेवून डॉक्टर दाबतात तसं दाबून पाहिलं.

"दादा, हे गळू झालंय."

"मग आता?"

"आता काय. उसवा."

आमच्यात विमलवहिनी म्हणून आहेत. त्यांच्या यजमानांचं बेगम बाजारात स्टीलच्या भांड्यांचं होलसेल दुकान आहे, आणि घराणं बिलोलीकडचं, शेतकऱ्याचं. त्या माहेरापासून वाकळ शिवत आलेल्या. गोधडीला त्या वाकळ म्हणतात. हात भराभर चालतो, पण टाका लांब पडतो. सिस्टरनी त्यांना टोकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडं असंच घालतेत. कापड धरून ठेवलं म्हणजे झालं की."

"ठेवा तसाच," सिस्टर म्हणाल्या. "झोपेत पायाचं बोट त्यात अडकलं की मला हाक मारा. मी येऊन काढते."

विमलवहिनींनी त्या दिवशी तेवढी ओळ स्वतःहून उसवली.

*

वाकळ की गोधडी, हा वाद आमच्यात नेहमी चालतो. रेहानाआपा गुदडी म्हणतात. त्यांचं सुलतान बाजारात ब्लाउज आणि ड्रेस शिवण्याचं दुकान आहे, आणि आम्हाला चिंध्या तिथूनच मिळतात. पद्मागारू, म्हणजे आपल्या भाषेत पद्माताई, समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, शाळेत शिकवतात. त्या म्हणाल्या, "मेमु बोंत अंटामु." आम्ही बोंत म्हणतो. झालं, पाच माणसांत चार नावं. म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप करायची वेळ आली तेव्हा सिस्टरनी निकाल दिला की मराठीत गोधडी लिहा आणि विषय संपवा.

ग्रुप करायचं काम माझ्या मुलीनं, मुग्धानं केलं. तिचं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं आणि दुसरी भाषा तेलुगू. मराठी ती छान बोलते, लिहिताना मात्र अंदाजानं लिहिते. तिनं ग्रुप केला, सगळ्यांना जोडलं आणि ऑफिसला निघून गेली.

थोड्या वेळानं विमलवहिनींचा फोन आला. "भावजी, हे कोण शिव्या द्यायलंय मला?"

मी फोन उघडून पाहिला. ग्रुपचं नाव होतं, 'शनिवारची गधडी'.

मी घाईघाईनं मुग्धाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, एक काना आणि मात्रा तर राहिलीय. एवढं काय त्यात?" संध्याकाळी मी सिस्टरकडे माफी मागायला गेलो. त्या शांतपणे डाळ निवडत होत्या.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "आमच्यातल्या बऱ्याच जणींना लागू पडतं. तुम्हाला वाईट वाटत असेल तर तेवढ्या वेलांटीचा काना करून घ्या."

नाव अजून तेच आहे.

*

रेहानाआपा दुकानातून कतरणीची पिशवी आणतात तो आमचा सणाचा दिवस असतो. पिशवी चटईवर उलटी केली की सगळे हात एकदम पुढे येतात. असंच एकदा पिशवी उलटी झाली आणि पद्मागारूंनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. मातकट लाल रंग, त्यावर पांढरी पोचमपल्ली नक्षी. त्यांनी आणखी एक तुकडा शोधला. मग आणखी एक. तिन्ही तुकडे मांडीवर नीट लावले. चांगला हातभर कापड झालं.

"आपा," त्या हळूच म्हणाल्या, "ये तो मेरा ब्लाउज."

त्याचं असं झालं होतं की त्याच कापडाचा ब्लाउज त्यांनी आपांच्या दुकानात शिवायला टाकला होता. कोपरापर्यंत बाह्या हव्यात असं सांगितलं होतं. कापणाऱ्या मास्टरनं सांगितलं, कापड कमी पडलं, आखूड बाह्या घ्याव्या लागतील. पद्मागारूंनी तो ब्लाउज भाचीच्या लग्नात घातला आणि एसी हॉलमध्ये सगळा वेळ पदराखाली हात लपवून बसल्या.

आता सगळ्यांच्या सुया थांबल्या. आपांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी ते तुकडे हातात घेतले, उलटसुलट केले. मास्टर त्यांच्या अब्बांच्या वेळचा, त्याला काही बोलायची सोय नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी आपांनी ते तुकडे पद्मागारूंच्या गोधडीवर, बरोबर मध्यभागी मांडले.

"अब आस्तीन का क्या रोना पद्मा," त्या म्हणाल्या. "पूरी गुदडी में तुमीच तुम दिख रैं."

पुढच्या आठवड्यात आपांनी दुकानात उरलेलं तेच कापड शोधून, स्वतः बसून त्या ब्लाउजला बाह्या जोडून आणल्या. जोड कुठं आहे ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

*

निघताना प्रत्येकानं आपली सुई सिस्टरना दाखवायची, असा आमच्याकडे नियम आहे. ऑपरेशन थिएटरची सवय. "पोट बंद करायच्या आधी सामान जागेवर आहे का बघायचं असतं," असं त्या म्हणतात. गोधडी अंगावर घेऊन लेकरं झोपतात, त्यात सुई राहिली तर?

एका शनिवारी एक सुई कमी भरली. सिस्टरनी दाराला कडी लावली. कुणी हलायचं नाही. आम्ही सगळे चटईवर रांगायला लागलो. पद्मागारूंनी सिस्टरच्या फ्रिजवरचं चुंबक काढून गोधडीवर फिरवलं. आपांचं गिऱ्हाईक दुकानात खोळंबलं होतं, त्यांचा फोन सारखा वाजत होता. माझा शर्ट झटकून झाला. विमलवहिनींनी केस सोडून दाखवले.

शेवटी विमलवहिनीच म्हणाल्या, "सिस्टर, जरा वळता का?"

सुई सिस्टरच्या खांद्यावर पदराला टोचलेली होती, मागून दोरा लोंबत होता.

सिस्टरनी ती काढली, डबीत ठेवली, दाराची कडी उघडली. "बघा," त्या म्हणाल्या, "मी कडक आहे म्हणून सापडली."

*

पद्मागारूंनी आपली पहिली गोधडी मुलीसाठी शिवली. मुलीचं नाव स्वाती. कोंडापूरला तिनं नवा फ्लॅट घेतला होता आणि इंटिरियर डेकोरेटर लावला होता. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर समोरच्या भिंतीवर, काचेच्या मोठ्या फ्रेममध्ये, आमची गोधडी. वरून दोन छोटे दिवे तिच्यावर सोडलेले.

पाहुणे तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. पद्मागारूंना आनंद लपवता येत नव्हता. मीही आपांना म्हणालो, बघा, आपलं काम कुठं जाऊन पोचलं.

सिस्टर बराच वेळ फ्रेमसमोर उभ्या होत्या. स्वाती येऊन त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आंटी, कैसा लगा?"

सिस्टर म्हणाल्या, "सुंदर दिसतंय बेटा." मग काचेला हात लावून त्यांनी विचारलं, "भिंतीला थंडी वाजते का?"

स्वातीला मराठी येत नाही. पद्मागारूंनी तेलुगूत सांगितलं तेव्हा ती हसली, पण कानापर्यंत लाल झाली.

डिसेंबरात तिला ताप आला. पद्मागारू रात्रीचा डबा घेऊन गेल्या तर फ्रेम मागून उघडलेली, आणि पोरगी गोधडीत गुरफटून सोफ्यावर गाढ झोपलेली. गोधडी त्यानंतर परत भिंतीवर गेली नाही. फ्रेम मात्र तशीच आहे, रिकामी, वरच्या दोन दिव्यांसकट.

मध्ये तो डेकोरेटर काही कामानं आला होता. त्यानं फ्रेमकडे पाहिलं, दोन पावलं मागं सरून परत पाहिलं, आणि म्हणाला, "मॅडम, अब ज्यादा मॉडर्न लग रहा है."

*

माझी गोधडी पूर्ण व्हायला फार वेळ लागला. पण ती होता होता माझी बोटं वळायला लागली, शर्टाची बटणं माझी मला लावता यायला लागली, आणि एक दिवस बायकोच्या लक्षात आलं की मी चहाचा कप उजव्या हातात धरलाय. ती आत जाऊन आणखी चहा घेऊन आली.

या सगळ्या काळात सिस्टर माझं काम पाहून एकच म्हणायच्या, "छान चाललंय दादा." मी फुलून जायचो. सिस्टरकडून छान ऐकायचं म्हणजे काय हे विमलवहिनींना विचारा.

मग सिस्टरच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही शनिवार आम्ही बसलो नाही. पट्टी निघाल्यावर पहिल्या शनिवारी मी पूर्ण झालेली गोधडी नीट घडी करून वर घेऊन गेलो आणि त्यांच्यासमोर पसरली. सिस्टर काळा चष्मा काढून वाकल्या. कडेपासून मध्यापर्यंत सावकाश पाहत आल्या. एका ठिकाणी थांबल्या, बोटानं ओळ चाचपली. मग पुढं गेल्या. परत थांबल्या.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी सगळ्यात जास्त.

सिस्टरनी चष्मा परत लावला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मुलाला हाक मारली. "अरे, डॉक्टरांना फोन करून सांग, दुसरा डोळा राहू द्या म्हणावं."

*

आता शेवटची गोष्ट सांगतो.

सिस्टरच्या दारावर पाटी आहे, 'के. सुमन'. हैदराबादेत ही रीतच आहे, आडनावाचं एक अक्षर पुढं आणि मग नाव. हॉस्पिटलातही त्या के. सुमनच होत्या. हॉलमधल्या शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. पण तशी मूर्ती आता कुणाच्या घरी नसते? विमलवहिनींच्या सुनेनं तर टीव्हीखाली ठेवलीय, शोभेची म्हणून.

विमलवहिनींच्या सासूबाई आदल्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत त्या बेगम बाजारच्या घरीच होत्या. त्यांच्या कडकपणाच्या गोष्टी विमलवहिनी आम्हाला हसत हसत सांगायच्या. दुकान भांड्यांचं, घरात कपांच्या राशी, तरी कामवालीचा कप वेगळा, कान तुटलेला, गॅलरीच्या कठड्यावर पालथा ठेवलेला. कोण आलं, कुठं बसलं, कशाला हात लावला, यावर म्हातारीचा डोळा असायचा. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या धाकात," विमलवहिनी म्हणायच्या, "आणि आता त्या नाहीत तर घर कसं मोकळं मोकळं लागायलंय."

एका शनिवारी सिस्टरची भाची दीपाली आली होती. फार्मसी झालेली, बोलायला गोड, चटपटीत. तिनंच सगळ्यांना पाणी दिलं. विमलवहिनींना ती फार आवडली. निजामाबादला त्यांचा एक पुतण्या लग्नाचा आहे. पोरगी आत गेल्यावर त्या सुई चालवत चालवतच म्हणाल्या, "सिस्टर, हे के म्हणजे काय हो? कदम का?"

"कांबळे," सिस्टर म्हणाल्या. त्यांनीही मान वर केली नाही. "आम्ही बौद्ध."

मला अर्थातच माहीत होतं. आपांना आणि पद्मागारूंना त्यात विशेष काही कळलं असं वाटलं नाही, पण हवा बदलल्याचं त्यांनाही कळलं. आम्ही सगळे आपापल्या टाक्याकडे बघत राहिलो. मीसुद्धा.

थोड्या वेळानं सिस्टरच म्हणाल्या, "इतके दिवस चहा घेताय आणि आज विचारलंत. आमच्या गावाकडं पहिल्या कपाच्या आधी विचारतात."

विमलवहिनींनी हातातली ओळ संपवली. चहा आला तेव्हा म्हणाल्या, "आज नको. ॲसिडिटी झालीय." आणि घरी गेल्या. पुढच्या शनिवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ग्रुपवर 'तब्येत बरी नाही' एवढंच आलं. सिस्टरनी त्यांची अर्धवट गोधडी गुंडाळून दिवाणाखाली ठेवली. रेहानाआपांनी विचारलं, "फोन करूं क्या उनकू?" सिस्टर म्हणाल्या, "नको. त्यांचं त्यांना बघू द्या."

पण सिस्टरनाही लागलं होतं. त्या काही दिवसांत त्यांनी कुणाचाच टाका उसवायला लावला नाही.

मग एकदा मी बेगम बाजारात मिरची घ्यायला गेलो होतो. विमलवहिनींच्या दुकानावरून जाताना पाहिलं, गल्ल्यावर त्या एकट्याच बसल्या होत्या. एका पातेल्यावरची धूळ पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या भावजी. चाललंय का शिवण?"

"चाललंय."

"माझी वाकळ?"

"गुंडाळून ठेवलीय सिस्टरनी. तुमची सुई तिला तशीच टोचून."

त्या तेच पातेलं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "सासूबाई असत्या तर मला तिथं पाऊल ठेवू दिलं नसतं."

"आता त्या नाहीत, वहिनी."

"तेच की," त्या म्हणाल्या. "त्या नाहीत. तरी माझा पाय उचलना गेलाय. मला वाटायचं ते सगळं त्यांचं होतं." मग त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "लई वाईट वाटायलंय भावजी. कोणाला सांगू?"

मी मिरची घेतली आणि घरी आलो. सिस्टरना मी यातलं काहीच सांगितलं नाही.

संक्रांत जवळ आली होती, दुपारीसुद्धा पंखा नको वाटायचा. शनिवारी आम्ही बसलो होतो. दार उघडंच होतं. विमलवहिनी आत आल्या. चप्पल काढली, हातातलं गाठोडं सिस्टरपुढं ठेवलं आणि आपल्या नेहमीच्या जागी बसल्या. कुणी कुठं होतात विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

"नवीन घालायची म्हणते एक," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी. हे चालंल का बघा."

सिस्टरनी गाठ सोडली. आत हिरवं इरकली लुगडं होतं, नऊवारी, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं, काठ मात्र अजून कडक. त्यांनी बोटांत धरून पाहिलं. "कापड चांगलं आहे. कुणाचं?"

"सासूबाईंचं."

सिस्टरनी काठावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हे फाडावं लागेल. मधोमध."

"फाडू की."

विमलवहिनींनी कात्री घेतली आणि काठाला एक चीर दिली. चिरेची एक बाजू स्वतः धरली आणि दुसरी पुढं केली. मी जवळ होतो. "आणा, मी धरतो वहिनी," असं म्हणून हात पुढं केला.

"तुमचा हात राहू द्या भावजी," त्या म्हणाल्या. "सिस्टर, तुम्ही धरा."

दोघींनी धरलं आणि ओढलं. जुनं सुती कापड फाटताना कसा आवाज होतो ते तुम्हाला माहीत आहे. तो आवाज सरळ या काठापासून त्या काठापर्यंत गेला आणि तिथं अडला. इरकली काठ तुटेना. विमलवहिनींनी कात्रीकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "कात्री नको. नीट धरा." दोघींनी परत जोर लावला. काठ तुटला. विमलवहिनींच्या हातातला तुकडा बराच वेळ त्यांच्या मांडीवर तसाच पडून होता. आपांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

सिस्टरनी दोन्ही तुकडे चटईवर शेजारी शेजारी पसरले, तळहातानं सुरकुत्या काढल्या. "पोटात घालायला झकास आहे," त्या म्हणाल्या. "पण एकट्यानं पातळ होईल. आणखी एक थर लागेल."

"मी एवढंच आणलंय," विमलवहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्याकडं असेल की एखादं. जुनं."

सिस्टर उठल्या. आत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक घडी होती. कधीकाळी निळं असावं असं लुगडं, ठिकठिकाणी रफू केलेलं.

"आईचं आहे," त्या म्हणाल्या. "शेतात जायची, त्यातलं."

"तुमची शेती होती?" पद्मागारूंनी विचारलं.

"नाही. दुसऱ्यांच्या शेतात जायची."

विमलवहिनींनी उठून ते लुगडं दोन्ही हातांनी घेतलं. घडी उघडली. एका बाजूला ते, एका बाजूला हिरवं इरकली, अशा त्या चटईच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"सिस्टर," त्यांनी शेवटी विचारलं, "वर कुठलं घालू? आणि खाली कुठलं?"

सिस्टर सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी दोरा ओढून घेतला, टोकाला गाठ मारली.

"कुठलंही घाला," त्या म्हणाल्या. "दोन्ही आतच जातात. वर चिंध्या येतात."